नागरिक घडवताना घ्यायची काळजी

नववी-दहावीचं राज्यशास्त्र तुमच्या गळ्यात पडलं असेल तर आधी अभिनंदन. गणित आणि इंग्रजीचे तास वाटून झाले की उरलेला विषय उरलेल्या शिक्षकाला, ही थोर परंपरा तुमच्यामुळे टिकली. पुस्तकातही लोकशाहीची जागा ठरलेली आहे, इतिहासाच्या मागे. इतिहास फेब्रुवारीत संपतो. मग जे दोन-चार तास हाती लागतील त्यात संसद, न्यायमंडळ आणि निवडणूक आयोग उरकून टाकायचा.

सुरुवात उद्देशिकेपासून करा. 'आम्ही, भारताचे लोक' इथपासून 'स्वतःप्रत अर्पण करत आहोत' इथपर्यंत पोरांना एका दमात म्हणता आलं, की संविधान आलं. 'अधिनियमित म्हणजे काय हो सर?' असं कुणी विचारलंच, तर मागच्या बाकावर कोण ओठ हलवत नाही ते बघायला जा. तारखा मात्र पक्क्या करून घ्या: स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला, अमलात आलं २६ जानेवारी १९५० ला. मधले दोन महिने का थांबले, यात शिरू नका. १९३० सालच्या २६ जानेवारीला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली होती, हे सांगून बसलात तर वर्ग ऐकायला लागेल, आणि ऐकणाऱ्या वर्गाला प्रश्न पडतात.

हक्क भराभर घ्या, कर्तव्यांवर रेंगाळा. कलम ५१क मधली अकरा कर्तव्यं फळ्यावर लिहून द्या. त्यात 'शोधक बुद्धी' विकसित करणं हेही एक कर्तव्य आहे. तेवढं नीट पाठ करून घ्या. कलम १९ चं भाषणस्वातंत्र्य शिकवताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता हवी. बोलणाऱ्यांची नावं मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात लिहीलच.

मॉनिटर निवडणुकीनेच नेमा, प्रात्यक्षिक होतं. मतदान गुप्त असतं, तेव्हा सगळ्यांना डोळे मिटायला सांगून हात वर करायला लावा. डोळे उघडे फक्त तुमचे. भलताच निवडून आला, तर मुख्याध्यापकांशी बोलून 'सहमॉनिटर' हे पद निर्माण करता येतं. कुणी 'नोटा'चा पर्याय मागितला, तर त्याच्या पालकांना बोलावून घ्या.

पक्षांतरबंदीचा मुद्दा नाजूक आहे. १९८५ साली ५२वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावं परिशिष्ट आलं, एवढं सांगून पुढच्या मुद्द्यावर उडी मारा. तरी पेपर वाचणारं एखादं कार्टं असतंच. 'सर, मग आपल्याकडे दोन-दोन पक्ष फुटले ते कसे?' त्याला शांतपणे सांगा, हा प्रश्न चालू घडामोडींत येतो, आणि आपला अभ्यासक्रम चालू नाही.

पेपरात 'विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा' असा प्रश्न असतो. इथे मुलं हमखास स्वतःचं कारण लिहितात. गाइडमधलं कारण नसेल तर अर्धा मार्क कापा, सवय लागते.

निवडणुका लागल्या की तुमचे तास बुडतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाला इतर कामांना जुंपायला मनाई केली, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामं वगळून. तेव्हा तुम्ही मतदार यादी घेऊन दारोदार फिरत असाल आणि वर्गात पीटीचे सर 'लोकशाहीसमोरील आव्हाने' वाचून दाखवत असतील. खरं तर तेही एक आव्हानच.

अर्जलेखन मात्र उत्साहाने घ्या. माहितीचा अधिकार २००५ चा, उत्तर तीस दिवसांत, हे फळ्यावर लिहा आणि नमुना अर्ज करायला सांगा. रस्त्यावरचे दिवे, बसथांबा, असे लांबचे विषय द्या. तरीही एखादी मुलगी शाळेच्याच स्वच्छतागृहात पाणी का येत नाही, दुरुस्तीला किती पैसे आले आणि ते कशावर खर्च झाले, असं मुद्देसूद विचारून वही पुढे करेल. गडबडू नका. अक्षर सुंदर असल्याचा शेरा द्या, दहापैकी नऊ मार्क द्या, वही गठ्ठ्यात ठेवा. कापलेल्या एका मार्काचं कारण तिला दाखवा. शेवटी तिने 'आपली, एक नागरिक' असं लिहिलंय. त्यावर लाल पेनाने काट मारून शेजारी स्वच्छ अक्षरात लिहा: 'आपली आज्ञाधारक'.