खऱ्या खुन्यावर स्वस्तात हॉरर सिनेमा कसा काढावा

तर तुमच्याकडे पैसे नाहीत, स्टार नाही, पण हॉरर सिनेमा काढायचाच असं डोक्यात घेतलंय. टेन्शन घेऊ नका. टेक्सासच्या टोबी हूपर नावाच्या तिशीतल्या पोराने १९७४ साली 'द टेक्सास चेनसॉ मॅसॅकर' काढून वाट घालून दिलीये, आपण फक्त कॉपी मारायची.

आधी खुनी शोधा. शक्यतो लांबचा बघा, म्हणजे गाववाले भांडायला येत नाहीत. हूपरने टेक्सासात बसून पार उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्यातला एड गीन पकडला. प्लेनफील्ड नावाचं खेडं, नोव्हेंबर १९५७, गावातलं हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या बाई गायब, आणि दुकानात शेवटची पावती फाडलेली अँटीफ्रीझची (थंडीत गाडीतलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते). त्या पावतीवरून पोलीस गीनच्या घरी पोचले. बाईंचं प्रेत तिथेच होतं, आणि घरात कबरी उकरून आणलेल्या प्रेतांच्या कातडीचे मुखवटे, कवट्यांचे वाडगे, कातड्याने मढवलेल्या खुर्च्या. खून मात्र त्याने दोनच कबूल केले.

दोनवर सिनेमा चालतो का? नाही ना. म्हणून मुखवटा आणि हाडांचं फर्निचर तेवढं उचला, बाकी सोडून द्या. गीन घरात एकटा राहायचा, त्याला तुम्ही अख्खं खटलं द्या, भाऊ द्या, आजोबा द्या, जेवण बनवणारा एक माणूस द्या. गीनकडे बंदूक होती, चेनसॉचा, म्हणजे झाडं कापायच्या यांत्रिक करवतीचा, आणि त्याचा काडीचा संबंध नाही, तर चेनसॉ द्या. हूपर सांगायचा की तो ख्रिसमसच्या गर्दीत एका हार्डवेअरच्या दुकानात अडकला होता, समोर चेनसॉ दिसले आणि वाटलं, हा सुरू केला तर रस्ता लगेच मोकळा होईल. दिवाळीच्या आदल्या रविवारी दादरला गेलेल्या कुणालाही हे पटेल, आपल्याकडे फक्त दुकानदार चेनसॉ हाताशी ठेवत नाहीत. पण गंमत बघा, खऱ्या गोष्टीत आणि सिनेमाच्या जन्मात कॉमन निघालं ते हार्डवेअरचं दुकान, आणि पडद्यावर तेच नाही. तुम्हीही घेऊ नका, पावती फाडणाऱ्या बाईंना बघायला कोण तिकीट काढतंय.

एवढं सगळं मनाचं घातलं की सुरुवातीला पाटी टाका, ही सत्य घटना आहे. खाली तारीख टाका, म्हणजे शंका घेणाऱ्याचं तोंड बंद. हूपरच्या सिनेमात १८ ऑगस्ट १९७३ आहे, आणि शूटिंग झालं ते त्याच उन्हाळ्यात, म्हणजे घटना आणि तिच्यावरचा सिनेमा जवळपास एकाच वेळी घडले, इतकी तत्परता आमच्या पोलिसांनाही जमत नाही. आजही लोक विचारतात हे टेक्सासमध्ये नेमकं कुठे झालं. अहो, कुठेच नाही झालं.

आता खर्च. हूपरने दीड लाख डॉलरच्या आत भागवलं. कॅमेरा १६ एमएमचा, नट कुणी ऐकलेले नाहीत, आणि रक्त बेताचं, कारण पोराला पीजी, म्हणजे पोरांनाही बघता येईल असं सर्टिफिकेट मिळेल अशी आशा होती (मिळालं आर, मोठ्यांसाठीचं). जे पैशाने होत नाही ते माणसांच्या हालाने करून घ्या. लेदरफेस, म्हणजे कातडीचा मुखवटा घातलेला चेनसॉवाला खुनी, झालेल्या गुन्नार हॅन्सनला कपड्यांचा एकच जोड दिलेला, धुतला तर रंग जाईल म्हणून महिनाभर धुतला नाही, तोही टेक्सासच्या जुलै-ऑगस्टात, म्हणजे आपलं नागपूरचं मे धरा, जेवायला बसलं की त्याच्या शेजारी कुणी बसेना.

आणि तो जेवणाच्या टेबलाचा सीन, तो नीट अभ्यासा. आजोबा झालेला नट जेमतेम विशीचा, मेकअपला तासन् तास लागायचे, पुन्हा बसणार नाही म्हणाला, मग सगळं एका दमात उरकायचं ठरलं. सव्वीस-सत्तावीस तास! दिवसा रात्र दाखवायची म्हणून खिडक्या झाकलेल्या, आत लाइट तापलेले, टेबलावरचं मांस सडलेलं, लोक बाहेर जाऊन ओकून परत यायचे. हिरॉईन मॅरिलिन बर्न्सचं बोट कापायचं होतं, सुरीमागे खोट्या रक्ताची नळी लावलेली, ती तुंबली, टेकवर टेक, शेवटी हॅन्सनने वैतागून धारेवरची टेप काढली आणि खरंच कापलं. आजोबांनी ते तोंडात धरून चोखलं. पाटीवरच्या सत्य घटनेत सत्य असलंच तर ते बोट.

बंदीचीही सोय बघा, तिच्याशिवाय कल्ट होत नाही. ब्रिटनच्या सेन्सॉर बोर्डाने १९९९ पर्यंत सर्टिफिकेट दिलं नाही, आणि इकडे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने प्रिंट संग्रहात ठेवली. तुम्हाला काय, दोन्हीकडून पब्लिसिटी.

राहिला पैशाचा विषय. पगार द्यायला नसेल तर नफ्यातले टक्के वाटून द्या, टक्के फुकट असतात. फक्त हे सांगत बसू नका की तुमच्या कंपनीकडे सिनेमाची मालकी निम्मीच आहे, त्यामुळे ते टक्केही निम्मेच. हिशोब वितरकाकडे, वितरक फोन उचलत नाही. सिनेमाने तीन कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला आणि हॅन्सनला पहिला रॉयल्टीचा चेक आला ४७ डॉलर ७ सेंटचा.

गीनची जुनी फोर्ड १९५८ साली लिलावात ७६० डॉलरला गेली होती, जत्रेवाल्याने घेतली आणि माणशी २५ सेंट लावून दाखवत फिरला. म्हणजे नट शोधायच्या आधी गाडी शोधा, ती जेवायला मागत नाही.