दगड वेचणाऱ्याचा हक्क कुठे गेला?

आज सकाळी एका मित्राने लिहिलंय, ‘मालमत्ता हा माणसाचा नैसर्गिक हक्क आहे, कर म्हणजे चोरी. लॉक वाचा.’ खाली लाइक्सचा पाऊस. दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये.

जॉन लॉक, सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ, मीही वाचलाय. राज्यसत्तेवरच्या त्याच्या १६८९ च्या दोन निबंधांपैकी दुसरा, प्रकरण पाचवं. पृथ्वी सगळ्यांची, पण माझं शरीर माझं, म्हणून माझ्या कष्टाचं फळ माझं. कुणाचीच नसलेली जमीन मी कसली की ती माझी. मला हे मनापासून पटतं. पटतं म्हणूनच संताप येतो.

माझ्या आत्याने हेच केलं होतं. उताराचा एक पडीक तुकडा, ज्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. तिने दगड वेचले. मोठे बांधाला, मधले पायवाटेला, बारीक पाटीत भरून लांब नेऊन टाकायचे. नखं कायम चिरलेली. माती धरली, पीक यायला लागलं, आणि मग कागद घेऊन मालक उगवला. कागद खरा होता, हे मान्य. पण त्या माणसाने तिथला एक खडा तरी उचलला होता का?

आणि लॉक तरी कुणाच्या बाजूने? त्याच प्रकरणात तो म्हणतो, माझ्या नोकराने कापलेलं गवताचं ढेकूळ माझं. नोकराचं नाही, माझं! घाम एकाचा, हक्क दुसऱ्याचा, आणि याला निसर्गनियम म्हणायचं. शिवाय इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं शिल्लक राहिलं पाहिजे, ही त्याचीच अट. कर म्हणजे चोरी म्हणणारे या अटीपाशी आले की पान उलटतात.

कष्ट मिसळले की वस्तू माझी, या लॉकच्या युक्तिवादावर अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिकने १९७४ मध्ये विचारलं होतं: टोमॅटोचा रस समुद्रात ओतला तर समुद्र माझा होतो, की रसच वाया जातो? प्रश्न हुशारीचा आहे. पण आत्याने काही ओतलं नव्हतं. तिने दगडांखालून जमीन वर काढली होती.

ठीक आहे, मालकीची खात्री नसेल तर दहा वर्षांनी फळणारं झाड कुणी लावणार नाही, एवढं मानते. पण ही खात्री माणसांनी एकमेकांना दिलेली असते, अठराव्या शतकातल्या स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने ते स्वच्छ सांगितलंय. जे माणसांनी ठरवलं ते माणसं बदलू शकतात. ‘नैसर्गिक’ म्हटलं की बदलाचं दारच बंद, म्हणून तर तो शब्द इतका लाडका.

आत्या कधी भांडली नाही. निघताना तिने एवढंच विचारलं, पावसात बांध फुटला तर दगड नीट बसवतील ना? मालक तीच होती. माझ्यासाठी तो वाद तिथेच मिटला.

आता लॉकचा पहिला निबंधही वाचा, परिच्छेद ४२. दुसरा कुठलाच आधार नसलेल्या माणसाचा, जगण्यापुरता का होईना, दुसऱ्याच्या वरकड संपत्तीवर हक्क असतो, असं तिथे लिहिलंय. हक्क म्हटलंय त्याने, मेहेरबानी नाही. ‘कर म्हणजे चोरी’वाल्यांनी याचं उत्तर द्यावं, मी वाट बघतेय.