एडिटची चावी

आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, नाशिकच्या सातपूरला ३१ वर्षं लेथ चालवली, म्हणजे धातू फिरवून कापायचं मशीन. कापायचं टूल जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, लागलं की नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "धार गेली रे." मायक्रोमीटर नंतर. तेव्हा पगार वयाबरोबर चढायचा, कारण हातही वयाबरोबरच बसायचा.

मग शॉपमध्ये सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन, आल्या आणि साईज मशीन धरायला लागली. चोपन्नाव्या वर्षी दादांना सांगितलं, "तुम्ही आता स्टोअर बघा." पगार कापला नाही हं, फक्त तिथेच थांबवला. लोक म्हणतात, मग बिघडलं काय? ग्रॅच्युइटीचं गणित बघा: शेवटचा बेसिक आणि डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. शेवटचा बेसिक गोठला की मागच्या ३१ च्या ३१ वर्षांचे पैसे गोठतात. हे दादांना हिशोबाचा कागद हातात आल्यावर कळलं. मलाही तेव्हाच.

यावर ठरलेलं वाक्य असतं, "जुन्यांचं गेलं ते पोरांना मिळालं." कुठे मिळालं? माझा भाचा आयटीआय करून अंबडला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून लागला. आयटीआयवाल्याला विद्यावेतन महिना ८ हजार. मुदत संपली, आता कॉन्ट्रॅक्टवर आहे. काम तेच. दार उघड, जॉब क्लॅम्प कर, दार लाव, सायकल स्टार्ट दाब. दिवसभर. ऑफसेटला, म्हणजे टूलच्या मापातल्या बारीक दुरुस्तीलासुद्धा हात लावायचा नाही, कारण मशीनमधले आकडे बदलू देणारी एडिटची चावी सेटरच्या, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याच्या, खिशात. दहा वर्षं हेच केलं तरी त्याचा हात कशावर बसणार?

फायदा झाला तो मधल्या वयाच्या आमच्यासारख्यांचा. मी एक्केचाळीसचा, सेटर. लेथ दादांकडून शिकलो, प्रोग्रामिंग मशीनबरोबर आलेल्या इंजिनिअरच्या मागे मागे फिरून. दोन्ही येतं म्हणून भाव आहे. आणि खरं सांगायचं तर आमच्या शॉपमधली ती चावी माझ्याच खिशात असते. पोरं चुकीचा ऑफसेट टाकतील, टूल ठोकतील, हे कारण खरं आहे. पण सगळं कारण तेवढंच नाही. आता प्रोग्राम वर ऑफिसातून कॅम सॉफ्टवेअरवर तयार होऊन येतात, तेव्हापासून मी ती चावी जास्तच घट्ट धरतो.

परवा रविवारी भाचा घरी आला होता. दादांनी विचारलं, "कापताना आवाज कसा येतो रे तुझ्या मशीनचा?"

तो म्हणाला, "आजोबा, दार बंद असतं."