मानेतल्या गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो?

नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: ‘मानेतली गाठ दुखत नसेल तर साधीच असते. तिला सुई लावू देऊ नका, कॅन्सर पसरतो. थेट पेट स्कॅन करा, सगळं कळतं. आणि थायरॉइडची सोनोग्राफी दरवर्षी कराच.’ चार वाक्यं आणि चारही चुकीची!

आधी सुई, कारण या वाक्यामुळेच माणसं महिनोन्‌महिने घरी बसतात. एफएनएसीची, म्हणजे गाठीतल्या पेशी तपासायला काढण्याची, सुई 23 ते 27 गेजची असते (गेज हे जाडीचं माप; आकडा मोठा तशी सुई बारीक). 25 गेजची जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. सोनोग्राफीच्या पडद्यावर टोक बघत ती गाठीत नेतात आणि थोड्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरतात. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण अत्यंत विरळ. जपायचं असतं ते वेगळ्याच गोष्टीला. मूळ कॅन्सर तोंडात आहे की घशात हे न शोधताच मानेतली गाठ कापून काढली, तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. शिवाय आपल्याकडे अशी गाठ अनेकदा टीबीची, म्हणजे जुन्या लोकांची गंडमाळ, निघते. सुईतून आलेल्या पुवावर जीनएक्स्पर्ट चाचणी केली की काही तासांत टीबीचा पत्ता लागू शकतो. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी एरवी बरा होणारा आजार लोक कॅन्सरच्या भीतीने अंगावर काढतात.

सुई टाळावी अशा गाठीही असतात. जबड्याखाली मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी दुभंगते तिथे वाढणारी, रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ ही त्यातलीच. म्हणून तर आधी सोनोग्राफी आणि रक्तप्रवाह दाखवणारं डॉपलर करतात.

‘दुखत नाही म्हणजे साधी’ हे तर बरोबर उलटं आहे. घसा बिघडल्यावर सुजलेली गाठ दुखते. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. चाळिशी उलटलेली, त्यात तंबाखू किंवा मिश्रीची सवय, आणि दोन आठवडे होऊनही न गेलेली कडक गाठ असेल, तर दुखण्याची वाट कशाला बघायची?

पेट स्कॅन पेशी किती साखर ओढतात ते दाखवतो. टीबीची गाठही साखर ओढते, त्यामुळे तीही कॅन्सरसारखीच चमकते. वरवरच्या गाठीत साध्या सोनोग्राफीतच पुष्कळ कळतं: निरोगी लसिकागाठ (अशा गाठी मानेत मुळातच असतात) राजम्याच्या दाण्यासारखी लांबट, मधोमध चरबीची खाच असलेली; बिघडलेली बहुधा गोल, खाच बुजलेली. जिभेच्या मुळाशी किंवा कवटीच्या तळाशी खोलवर बघायचं असेल तेव्हा एमआरआय लागतो.

राहिली दरवर्षीची थायरॉइड सोनोग्राफी. हा प्रयोग दक्षिण कोरियात होऊन गेलाय. तिथे 1999 पासून सरकारी कॅन्सर तपासणीसोबत थोडे पैसे भरून लोक थायरॉइडही बघून घेऊ लागले. 1993 च्या तुलनेत 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरची निदानं 15 पट झाली आणि मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे आयुष्यभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठी सापडल्या, ग्रंथी काढल्या गेल्या, जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या. काहींचा आवाज गेला. 2014 मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर विरोध केला, तेव्हा शस्त्रक्रिया घटल्या.

थायरॉइडमधली गाठ चाचपताना हाताला लागत असेल तर सोनोग्राफी करावीच. आणि ती स्पंजसारखी, बारीक पोकळ्यांची दिसली तर टायरॅड्सच्या, म्हणजे सोनोग्राफीवरून थायरॉइडच्या गाठींची प्रतवारी करण्याच्या, नियमांनुसार रेडिओलॉजिस्टच सांगतात, हिला सुईची गरज नाही.