‘ते दिव्याचं फॅड’ : एका फॉरवर्डला उत्तर

ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं एक तास मागे झाली की आमच्या स्कॉटलंडमधल्या मराठी ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, दिवाळीच्या उरलेल्या फराळाचे फोटो. आणि दुसरा हा मेसेज. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला, त्यातला एक ॲबर्डीनच्या काकांकडून, ‘वाच, उगाच पैसे घालवू नकोस’ या टिपेसह. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा : हिवाळ्यातलं डिप्रेशन हे दिवे विकणाऱ्या कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे. ऊन नाही म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व नाही, एवढीच गोष्ट, गोळी घ्या. उजेडच हवा असेल तर घरातले सगळे बल्ब लावा, तोच परिणाम. त्या दिव्यांनी डोळे जातात. आपल्या लोकांना हे होत नाही, सूर्य आपल्या रक्तात आहे. आणि ज्यांना बरं वाटतं त्यांच्या मनाचे खेळ आहेत.

मी डॉक्टर नाही. एडिनबरात बारा वर्षं राहते. हिवाळ्यातल्या डिप्रेशनवर उपचार म्हणून रोज सकाळी प्रखर उजेडाच्या खास दिव्यासमोर बसतात, आणि हा माझा त्या दिव्यासमोरचा सातवा हिवाळा. मेसेजमधलं एक वाक्य अर्धं खरं आहे, ते शेवटी घेते. बाकीच्यांचा समाचार आधी.

कंपन्यांनी काढलेलं खूळ. इथे क्रमच उलटा आहे. १९८० साली आल्फ्रेड ल्यूई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रखर उजेडाने माणसाच्या रक्तातलं मेलॅटोनिन, म्हणजे अंधार पडल्यावर शरीर सोडतं ते झोपेचं संप्रेरक, रात्रीसुद्धा खाली येतं. तोवर समज असा होता की हे प्राण्यांत होतं, माणसात नाही. कारण साधं होतं : आधीच्या प्रयोगांत उजेड फारच मिणमिणता होता. त्याच सुमारास हर्ब कर्न नावाचे एक अमेरिकी अभियंते संशोधकांकडे आले. हातात स्वतःच्या मनःस्थितीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी. दर हिवाळ्यात खाली, दर वसंतात वर. त्यांना सकाळ-संध्याकाळ प्रखर उजेडात बसवलं आणि काही दिवसांतच फरक पडला. मग १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल यांच्या गटाने २९ रुग्णांचं वर्णन छापलं आणि या आजाराला नाव दिलं : सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ऋतूबरोबर येणारं नैराश्य. हे रोझेन्थाल मूळचे जोहान्सबर्गचे. तिथलं ऊन सोडून अमेरिकेच्या ईशान्येला आल्यावर स्वतःच हिवाळ्यात मंदावले होते. आपल्यातल्या अनेकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. म्हणजे आधी रोगी, मग वैद्य, आणि दुकानदार सगळ्यात शेवटी.

आणि हा आजार म्हणजे ‘थंडीत जरा कंटाळा येतो’ नव्हे. नेहमीच्या नैराश्यात बऱ्याचदा झोप उडते, भूक मरते. इथे बहुतेकदा उलटं : झोप संपत नाही, वजन वाढतं, अंग शिसं ओतल्यासारखं जड होतं आणि पिठूळ-गोड खावंसं वाटत राहतं. त्या पहिल्या वर्षांत मी नोव्हेंबरपासून पोळीकडून भाताकडे आणि भाताकडून थेट उकडलेल्या बटाट्याकडे गेले होते. आई फोनवर म्हणायची, ‘अगं, थंडी आहे, झोप येणारच.’ एप्रिल आला की सगळं आपोआप सुटायचं, म्हणून चार वर्षं मीही तेच म्हणत राहिले.

आता ‘ड’ जीवनसत्त्व. फॉरवर्डमधली ही सगळ्यात पटणारी चूक आहे, कारण दोन्ही गोष्टी उन्हाशी जोडलेल्या आहेत. पण रस्ते वेगळे आहेत. ‘ड’ जीवनसत्त्व कातडीत तयार होतं आणि त्याला उन्हातले अतिनील-बी किरण लागतात. खिडकीची काच ते किरण अडवते. उपचाराच्या चांगल्या दिव्यात तर अतिनील किरण मुद्दाम गाळलेलेच असतात. म्हणजे दिव्यासमोर वर्षभर बसलात तरी ‘ड’ जीवनसत्त्वाचा कणही मिळायचा नाही. तरीही माणसाला बरं वाटत असेल, तर काम दुसऱ्या रस्त्याने होतंय.

तो रस्ता डोळ्यातून जातो. डोळ्याच्या पडद्यावर पाहण्याच्या कामाच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी आहेत, त्यांत मेलॅनोप्सिन नावाचं द्रव्य असतं. त्यांना चित्र दिसण्याशी फारसं देणंघेणं नसतं. बाहेर किती उजेड आहे एवढा निरोप त्या मेंदूतल्या झोप-जागेच्या घड्याळाला देतात. निळसर उजेडाला, साधारण ४८० नॅनोमीटरच्या आसपास, त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात. १९९५ मध्ये चार्ल्स झाइसलर यांच्या गटाने पूर्ण अंध असलेल्या काही लोकांना प्रखर उजेडात बसवलं, तेव्हा त्यांतल्या तिघांचं मेलॅटोनिन उतरलं. दिसत काहीच नव्हतं, निरोप मात्र पोचत होता. त्यांतल्या दोघांचे डोळे झाकून पाहिले, तेव्हा परिणाम थांबला.

डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. अलार्म सातचा, अंगातली पहाट मात्र दोन तास उशिरा. सकाळचा दिवा हे घड्याळ पुढे ओढतो, अशी सध्याची मुख्य उपपत्ती आहे. म्हणून वेळ महत्त्वाची : उठल्यावर लगेच. रात्री नऊला दिवा लावून बसलात तर घड्याळ आणखी मागे जाईल आणि झोपेचं खोबरं होईल. ‘ड’ची गोळी जरूर घ्या, इथलं सरकारही हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम घ्या म्हणतं आणि सावळ्या कातडीच्यांना वर्षभर. ती हाडांसाठी आहे. आणि कोणी यावर ‘मग टॅनिंगला (अतिनील दिव्यांखाली कातडी रापवून घ्यायला) जाते’ म्हणालं तर हात जोडते : तिथे डोळे झाकतात आणि कातडी भाजतात, म्हणजे हवं ते बंद आणि नको ते चालू.

‘घरातले सगळे बल्ब लावा.’ या वाक्यासाठी मी खरं तर हा लेख लिहायला बसले.

उजेडाच्या बाबतीत आपला डोळा लबाड मापाडी आहे. बाहुली आकसते, पडदा जुळवून घेतो आणि पाचशे काय, पाच हजार काय, दोन्ही ‘लख्ख’ वाटतात. म्हणून मोजावं लागतं. फोनवर लक्स, म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप, मोजायचं ॲप मिळतं. ते प्रयोगशाळेचं उपकरण नव्हे, पण अंदाजाला पुरतं. डिसेंबरातल्या एका ढगाळ दुपारी बारा वाजता मी घरभर फिरले. जेवणाच्या टेबलावर, डोक्यावरचे तिन्ही दिवे लावून : १८०. ओट्याजवळ कॅबिनेटखालच्या पट्टीसमोर : ४१०. खिडकीला नाक लावून : ११००. मग चपला घालून दारासमोरच्या फुटपाथवर, अंगावर भुरभुर पाऊस : ४३००. ज्याला आम्ही ‘काळोख पडलाय आज’ म्हणतो तो इथला दिवस माझ्या झगमगत्या स्वयंपाकघराच्या दहापट उजळ होता. पुण्यातल्या निरभ्र दुपारी हा आकडा एक लाखाच्या घरात जातो.

उपचारात वापरतात ते माप आहे १०,००० लक्स, रोज सकाळी अर्धा तास. सुरुवातीच्या प्रयोगांत २,५०० लक्स आणि दोन तास असायचे. आता साधा नऊ वॅटचा एलईडी बल्ब घ्या, त्यातून नऊशेच्या आसपास ल्युमेन (बल्बमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) निघतात. तो छतावर, तुमच्यापासून दोन मीटरवर असेल तर डोळ्यापाशी थेट येणारा उजेड जेमतेम वीस-तीस लक्स भरतो. त्याच बल्बकडून दहा हजार हवे असतील तर तो नाकापासून साधारण दहा सेंटीमीटरवर धरावा लागेल. करून बघा म्हणणार नाही. उपचाराचा दिवा मोठ्या पडद्याचा असतो तो म्हणूनच : तेवढाच उजेड पसरून येतो, डोळ्यांत खुपत नाही.

इथे दिवेवाल्यांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. माझा पहिला दिवा ऑनलाइन घेतला होता, पुस्तकाएवढा, स्वस्त. डब्यावर ठळक ‘१०,००० लक्स’. अंतर किती, ते आतल्या कागदावर बारीक अक्षरात : १५ सेंटीमीटर. पंधरा सेंटीमीटरवर माणूस चहा पिऊ शकत नाही, चष्म्यावर वाफ येते ती वेगळीच. मी तो हातभर लांब ठेवून महिनाभर बसले आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून कपाटात टाकला. आत्ताच्या मोठ्या दिव्याचं मी मोजलंय : २५ सेंटीमीटरवर १०,२००, पन्नासवर ३,४००. खुर्ची वीतभर मागे सरकवली की औषधाचा डोस एक तृतीयांश होतो. ज्या डब्यावर लक्स आहे पण अंतर नाही, तो आकडा मनातून खोडून टाकावा.

डोळे जातात का? अतिनील गाळलेला दिवा, निरोगी डोळे, आणि दिव्याकडे टक लावून न बघणं (तो थोडा बाजूला, डोळ्यांच्या जरा वर ठेवायचा, आपण पेपर वाचायचा) एवढं सांभाळलं तर तसं आढळलेलं नाही. सुरुवातीला डोकं दुखणं, डोळे शिणणं, चिडचिड होते. माझं पहिला आठवडा कपाळ ठणकत होतं. पण ‘सगळ्यांना चालतो’ असंही नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेला असेल, पडद्याचा दुसरा आजार असेल किंवा उजेडाला हळवं करणारी औषधं चालू असतील तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायचं. आपल्यात मधुमेह घरटी आहे, म्हणून हे ठासून लिहिते. आणि ज्यांना बायपोलर आजार आहे त्यांनी स्वतःच्या मनाने दिवा लावूच नये. मन खालून वर येताना थांबायचं ठिकाण ओलांडून उन्मादात जाऊ शकतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला घाबरवायचंच होतं तर घाबरवण्यासारखी गोष्ट ही होती. नेमकी तीच त्यात नाही.

‘सूर्य आपल्या रक्तात आहे.’ असेल. पण मेंदूतलं घड्याळ रक्त तपासत नाही, डोळ्यातून आलेला उजेड तपासतं. पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा असतो, इथे सातचा. उत्तरेला राहणाऱ्या आइसलँडच्या लोकांमध्ये हा आजार अपेक्षेपेक्षा कमी सापडला, हे खरं. पण ते पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेत. आपण परवा आलो.

राहिले मनाचे खेळ, आणि इथे मी अर्धी माघार घेते. दिव्याची खोटी गोळी बनवता येत नाही. समोर दिवा आहे की नाही हे कोणालाही दिसतं. म्हणून १९९८ मध्ये शारमेन ईस्टमन यांनी शिकागोत एक युक्ती केली : ९६ रुग्णांपैकी काहींना दिवा, काहींना आतून बंद केलेलं हवेत आयन सोडणारं यंत्र, आणि सांगितलं की दोन्ही उपचारच आहेत. चार आठवड्यांनी कडक निकषावर सकाळच्या दिव्याने ६१ टक्के जवळजवळ बरे झाले, बंद यंत्राने ३२ टक्के. म्हणजे खेळ आहेच, बत्तीस टक्के काही थोडे नाहीत. पण दिव्याचा आकडा त्याच्या वर जातो. २००६ मध्ये कॅनडात दिवा आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी यांची गाठ घालून दिली, तेव्हा दोन्हीकडे ६७ टक्के लोकांना गुण आला आणि दिव्याचा परिणाम पहिल्या आठवड्यातच आधी दिसू लागला.

दुसरी बाजूही आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ३४,२९४ प्रौढांच्या पाहणीत नैराश्याचा ऋतूशी संबंधच दिसला नाही. त्यावरून वाटतं की लोक ‘हिवाळा’ हे कारण हवं त्यापेक्षा जास्त वेळा पुढे करत असावेत. दर वर्षी त्याच महिन्यात कोसळणारे थोडे लोक एवढ्या मोठ्या सरासरीत दिसतीलच असं नाही. केली रोअन यांच्या त्याच वर्षी छापलेल्या अभ्यासात दिवा आणि या आजारासाठी बेतलेली बोलण्याची थेरपी हिवाळा संपताना बरोबरीत होती, पण दोन हिवाळ्यांनंतर थेरपीवाल्यांपैकी २७ टक्क्यांना आजार परतला, दिवेवाल्यांपैकी ४६ टक्क्यांना. एक कारण असं असावं की दिवा पुन्हा बाहेर काढायचा कंटाळा येतो. इथली सरकारी आरोग्यसेवा दिवे सहसा देत नाही आणि पुरावा अनिश्चित आहे असं सांगते. म्हणून ‘दिवा घ्या, गोळ्या बंद करा’ असा उलटा फॉरवर्ड फिरायला लागला तर त्यालाही मी असंच उत्तर लिहीन. चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत. जगणं नकोसं वाटत असेल तर दिवा मागवून त्याची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा घरच्या कोणाला तरी गाठायचं.

काकांना मी एवढं सगळं लिहिलं नाही. फक्त विचारलं, ‘काका, तुमच्या दिवाणखान्यात लक्स किती?’ काल फोनच्या पडद्याचा फोटो आला : १४०. खाली ओळ : ‘सगळे दिवे लावून. बाहेर मोजायला जाऊ का? पाऊस आहे.’