स्वायत्त मंडळ नेमल्याने रुग्णालय उत्तरदायी होत नाही

‘सरकारी रुग्णालयांना स्वायत्त मंडळ द्या, स्थानिक प्रतिनिधी नेमा, आकड्यांची उद्दिष्टे ठरवून द्या, म्हणजे उत्तरदायित्व आपोआप येते, युरोपने हे करून दाखवले आहे,’ असे विधान सध्या सर्रास फिरते आहे. इंग्लंडमधील स्टॅफर्ड रुग्णालयाचा अनुभव पाहिला, तर त्यातला एकही भाग टिकत नाही.

पहिला मुद्दा स्वायत्ततेचा. 2003 च्या कायद्याने तेथे सरकारी रुग्णालयांसाठी ‘फाउंडेशन ट्रस्ट’ हा स्वायत्त दर्जा निर्माण झाला. तो मिळवण्याच्या तयारीत असताना स्टॅफर्ड चालवणाऱ्या मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टने 2006-07 मध्ये सुमारे 1 कोटी पौंडांची काटकसर ठरवली आणि दीडशेच्या आसपास पदे कमी केली. 1 फेब्रुवारी 2008 रोजी दर्जा मिळाला. पुढच्याच महिन्यात आरोग्यसेवेवर देखरेख ठेवणाऱ्या आरोग्य आयोगाची चौकशी सुरू झाली. आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णांपैकी कोणाला आधी तपासायचे, हे वैद्यकीय प्रशिक्षण नसलेले स्वागतकक्षातील कर्मचारी ठरवत होते, असे आयोगाच्या 2009 च्या अहवालात नोंदले आहे. हिशेब सावरलेला असताना वॉर्डांत मात्र रुग्ण पाण्यावाचून तळमळत होते.

प्रतिनिधींविषयी थोडक्यात सांगता येईल. निवडून आलेले गव्हर्नर, म्हणजे प्रतिनिधी, कायद्यात होते, परंतु दोष चव्हाट्यावर आणला तो ज्युली बेली यांच्यासारख्या मृत रुग्णांच्या नातेवाइकांनी.

उद्दिष्टांनी तर उलटाच परिणाम केला. आपत्कालीन विभागातील रुग्णाला चार तासांत दाखल केले, हलवले किंवा घरी सोडले पाहिजे, या दंडकापायी नोंदींमधील वेळा बदलल्या जात होत्या, अशी साक्ष पुढे झालेल्या चौकशीत झाली.

येथे टीकाकारांनीही सावध राहिले पाहिजे. ‘स्टॅफर्डमध्ये 1,200 बळी गेले’ हा आकडा चौकशीचा निष्कर्ष नाही. मृत्यूंच्या सांख्यिकीवरून असे अनुमान काढणे योग्य नाही, असे या चौकशीचे प्रमुख रॉबर्ट फ्रान्सिस यांनीच म्हटले होते. जे सिद्ध झाले तेच पुरेसे भयंकर आहे.

मग उत्तरदायित्व आले कशाने? नातेवाइकांनी हट्ट धरल्यामुळे 2010 मध्ये खुली सार्वजनिक चौकशी जाहीर झाली, साक्षी उघडपणे नोंदल्या गेल्या आणि फेब्रुवारी 2013 च्या अहवालात 290 शिफारशी आल्या. त्यातूनच 2014 मध्ये उपचारातील गंभीर चूक रुग्णाला किंवा कुटुंबाला स्वतःहून कळवण्याचे आणि क्षमा मागण्याचे कायदेशीर बंधन रुग्णालयांवर आले. हे बंधन संसदेने घातले. कोणत्याही स्वायत्त मंडळाने ते आपण होऊन स्वीकारले नव्हते.