जंगल कसलं, सर्व्हे नंबर आहे तो!

अभिनंदन! गॅलरीत चहाचा कप घेऊन तुम्ही रोज सकाळी ज्या झाडांकडे बघता, तिथे डेटा सेंटर (म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या यंत्रांची इमारत) येणार अशी कुजबुज सुरू झाली आहे ना? अजून नकाशा नाही, टेंडर नाही, पण कुजबुज आहे. मुंबईत प्रकल्पाची आधी कुजबुज होते, मग वाद रंगतो, आणि वाद ऐन रंगात आला की एक दिवस रस्त्याकडेला निळे पत्रे ठोकलेले दिसतात. सध्या तुम्ही वादाच्या पायरीवर आहात. सोसायटीच्या ग्रुपवर एकीकडे 'विकास'वाले आणि दुसरीकडे 'बिबट्या'वाले असे दोन तट पडतील. तुम्हालाही काहीतरी बोलावं लागेल. गोरेगाव पूर्वेला अर्धं आयुष्य काढलेला आणि आरेतल्या मेट्रो कारशेडचा, म्हणजे गाड्यांच्या डेपोचा, वाद पहिल्या रांगेतून पाहिलेला शेजारी म्हणून चार गोष्टी सांगतो. फुकट आहेत, घेऊन टाका.

सगळ्यात आधी, 'जंगल' हा शब्द तोंडातून निघता कामा नये. झाडं म्हणा, हिरवळ म्हणा, फारच भरून आलं तर 'ग्रीन पॅच' म्हणा. जाणकारांत बसायचं असेल तर 'लँड पार्सल'. 'झुडपी' आणि 'पडीक' हे दोन शब्द खिशात तयार ठेवा. तिथे राहणाऱ्या वारली आदिवासींच्या पाड्यांचा विषय निघाला तर पाड्याला 'वस्ती' म्हणा. पुढच्या वाक्यात वस्तीची 'झोपडपट्टी' करा. मग 'पुनर्वसन' हा शब्द आपोआप येतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. मिठीलाही नदी म्हणायचं नाही, ती विहार तलावाकडून येत असली तरी नालाच म्हणायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ती एक दिवस नदी झाली होती खरी, पण एका दिवसाच्या वागणुकीवरून कुणाला कायमचं पद द्यायचं नसतं.

शब्दांना एवढं महत्त्व का, असं वाटत असेल तर आरेकडे बघा. १९५१ साली नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं ते दुग्ध वसाहतीचं, म्हणजे कागदोपत्री ही जागा म्हशींची. मेट्रोच्या कारशेडचा वाद कोर्टात गेला तेव्हा सरकारी बाजूचं म्हणणं होतं की हे जंगल नाहीच. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं 'थांबा' म्हटलं, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. मुंबईत सरकारी काम इतकं वेळेवर झालेलं मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढच्याच वर्षी सरकार बदललेलं होतं, तेव्हा त्याच आरेतली ८०० एकर जागा राखीव वन म्हणून जाहीर झाली आणि कारशेड कांजूरमार्गला निघाली. २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदललं आणि कारशेड परत आरेत आली. या सगळ्या काळात बिबट्या बिचारा होता तिथेच बसून होता. आपण वसाहतीतून जंगलात कधी गेलो हे त्याला कुणी कळवलंच नाही.

आणि मुलुंड! तिथली गंमत तर याच्या बरोबर उलटी. १९५०च्या दशकातल्या वनखात्याच्या नोटिशींवरून तिथल्या जमिनी 'खाजगी वन' ठरल्या, आणि लिफ्ट, पार्किंग, देव्हारा सगळं असलेल्या इमारतींतल्या लोकांना एके दिवशी कळलं की आपण जंगलात राहतो. ते 'नाही' हे सिद्ध व्हायला २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. म्हणजे मुलुंडमध्ये इमारतींना सांगितलं, तुम्ही जंगल आहात, आणि आरेत झाडांना सांगितलं, तुम्ही नाही. यावरून काय घ्यायचं ते घ्या, पण डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. सातबारा बघा.

एक धोका मात्र आहे, तो म्हणजे शब्दकोश. १२ डिसेंबर १९९६ ला जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणून बसलं की शब्दकोशात ज्याला वन म्हणतात ते वन, मग मालकी कुणाचीही असो. २०२३ मध्ये वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती करून ही कटकट बरीच आवरती घेतली, कागदावर नोंद असेल तेच वन असं ठरवलं. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की तूर्त जुनीच व्याख्या चालू ठेवा. तेव्हा सभेला जाताना घरातला शब्दकोश कपाटात कुलूप लावून ठेवा. मुलांच्या शाळेच्या दप्तरातला लहान असला तरी.

झाडांच्या वयाकडेही लक्ष असू द्या. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी रोपं लावायची. म्हणून पाहणीला येणाऱ्यांनी प्रत्येक झाडाला हिंदी सिनेमातल्या नायकाच्या मापानं मोजावं. वडाचा बुंधा चार माणसांच्या कवेत मावत नसला तरी तो तिशीतलाच. एकोणपन्नासच्या वर कुणीही जाता कामा नये. आणि पुनर्रोपणाबद्दल कुणी कुरकुर केली तर त्याला नेऊन पुनर्रोपित झाड दाखवा. फांद्या छाटलेला, बुंध्यावर नंबर रंगवलेला तो खांब सरळ उभा असतो, पानांचा कचरा करत नाही, पार्किंगच्या आड येत नाही.

आता आकडे. वादात आकडा असलेला माणूस जिंकतो, पण आकडे दोन जातींचे असतात. एक बोलायचे आणि एक न विचारायचे. गुंतवणुकीचे कोटी बोलायचे. लावणार असलेली रोपं बोलायची. रोजगार बोलायचा, पण मोघम. उभारणी संपल्यावर रात्रपाळीला आत किती माणसं लागतील हे विचारलं की रंगाचा बेरंग होतो. थंड खोल्यांत ओळीनं यंत्रं उभी, चार तंत्रज्ञ, फाटकावर सिक्युरिटी, सकाळी हाऊसकीपिंग. म्हणून 'तरुणांच्या हाताला काम' इतकंच म्हणा आणि पुढच्या मुद्द्यावर सरका.

न विचारायचा पहिला आकडा मेगावॉट. लोकांची समजूत आहे की क्लाउड म्हणजे ढग, वर कुठेतरी तरंगतो. ती मोडू नका. कारण एकदा कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसला की पंचाईत. समजा, केंद्र पन्नास मेगावॉटचं आहे. आजकाल हा आकडा फार मोठा मानत नाहीत. यंत्रं चोवीस तास पूर्ण चालली तर दिवसाला बारा लाख युनिट. महिन्याला तीनशे युनिट जाळणारी एक लाख वीस हजार घरं तेवढ्यात भागतात. ही वीज आत जाऊन कुठे जिरत नाही, जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणजे झाडं काढून तिथे ठेवलेला हा बारमाही बंब. आरेतल्या काही पाड्यांना दिवा लागायला कित्येक दशकं वाट पाहावी लागली हे इथे कुणी काढलं तर म्हणा, अहो, आता लाइन आलीच आहे ना जवळ!

दुसरा आकडा पाण्याचा, आणि तो त्याहून नाजूक. यंत्रं तापतात, त्यांना गार ठेवावं लागतं. पाणी उडवून गार करायची पद्धत घेतली तर मेगावॉटमागे वर्षाला अडीच कोटी लिटर, असा अंदाज या धंद्यात सर्रास दिला जातो. पन्नास मेगावॉटचा हिशेब मी एकदा फावल्या वेळात मांडला आणि लगेच फाडून टाकला. दिवसाला चौतीस लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीनशेच्या आसपास टँकर. आमच्या सोसायटीत मे महिन्यात दोन टँकरवरून सेक्रेटरीचा राजीनामा मागितला जातो. बरं, मुंबईचा दमटपणा आडवा येतो तो वेगळाच. नागपूरचा कूलर इथे का चालत नाही ते तुमच्या विदर्भातल्या मेहुण्याला विचारा. हवेतच ओल असेल तर पाणी उडणार कुठे? मग पाणी वाचवणारे हवेवरचे चिलर लावायचे, तर त्यांना वीज जास्त लागते. पाण्यात धरावं तर विजेत निसटतं, विजेत धरावं तर पाण्यात. कंपनीचा माणूस 'आमचं केंद्र पाणी जवळपास वापरतच नाही' म्हणाला की टाळ्या वाजवा. 'मग वीज किती?' असं विचारलंत तर शेजारच्याला कळेल की तुम्ही हा लेख वाचलाय.

लाइट गेली तर काय, हाही प्रश्न नको. लाइट गेली तर डिझेल जनरेटरची रांग सुरू होते, आणि लाइट गेली नाही तरी चाचणीसाठी अधूनमधून सुरू करावी लागते. तुम्हाला झोप येणार नाही. बिबट्यालाही नाही, पण त्याला सोसायटीच्या सभेत मत नाही.

'हेच इथेच कशाला?' हा प्रश्न विचारणारा एखादा हमखास असतो. त्याला नकाशा पाहू देऊ नका. देशातली डेटा सेंटरची जवळपास निम्मी क्षमता मुंबई-नवी मुंबईत आहे, समुद्राखालून येणाऱ्या केबल वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात, त्यामुळे धंदा इथे येणार हे खरंच आहे. त्यात खोट काढता येणार नाही. पण याच धंद्यातल्या कित्येक इमारती खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे इथल्या औद्योगिक पट्ट्यात उभ्या राहिल्या, जिथे आधी कारखाने होते आणि झाडाला बिबट्या नव्हता. हे कुणाला आठवलं तर विषय बदला. जंगलाची जमीन सलग असते, भाडेकरू नसतात, आणि तिथल्या माकडांना मोबदला द्यावा लागत नाही. कारखान्याच्या जमिनीत हे सुख कुठलं?

तुम्ही विरोधी गटात असाल तर? तुमचंही काम सोपं आहे. रविवारी मानवी साखळी करा, झाडाला मिठी मारतानाचं रील टाका, बिबट्याच्या बछड्याचा फोटो डीपीला लावा. तो फोटो साठवायलाही कुठेतरी मेगावॉट जळतात वगैरे टोमणे विकासवाले मारतील, मनावर घेऊ नका. त्यांच्या मुलांच्या मुंजीचे तासातासाचे व्हिडिओही तिथेच आहेत. फक्त त्यांच्यासारखंच तुम्हीही आकड्यांच्या वाटेला जाऊ नका. बिबट्या सगळ्यांना आवडतो. मेगावॉट कुणालाच आवडत नाही, आणि मंजुरीचा अर्ज वाचायला तर रविवार पुरतही नाही.

अर्जावरून आठवलं. जंगलाला नाव मिळू द्यायचं नाही हे झालंच, पण डेटा सेंटरला मात्र हवी तितकी नावं आहेत. कर्ज घ्यायला गेलं की ते 'पायाभूत सुविधा', २०२२ पासून तसा दर्जाच आहे. पर्यावरण मंजुरीच्या कागदावर मात्र ती साधी 'इमारत'. आणि इमारतींना २००६ च्या अधिसूचनेनं जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. म्हणजे बँकेत रस्ता-बंदराच्या पंगतीला बसायचं आणि लोकांसमोर यायची वेळ आली की, छे हो, आम्ही आपले चार भिंती आणि छप्पर! जमीन वन ठरली तर २००६ चाच वनहक्क कायदा ग्रामसभेची संमती मागतो, पण मुंबईत कसली आलीय ग्रामसभा, असं हसून म्हणायचं. आणि वन ठरू द्यायचंच कशाला? म्हणून तर सुरुवातीलाच सांगितलं.

तरीही हौसेनं कुणी एखादी 'संवाद बैठक' ठेवलीच, तर माईकवर लक्ष ठेवा. मागच्या रांगेत पाड्यावरचा एक म्हातारा बसलेला असतो. आमच्याकडच्या एका बैठकीत असाच एक होता. बाकी सगळे ऑक्सिजन, जीडीपी, पुढची पिढी यावर बोलत होते. हा उठला आणि म्हणाला, "दादा, तुमचं ते रातचं पण चालू राहणार. मग त्याचं गरम पाणी सोडणार कुठं? आमची विहीर खालच्या अंगाला हाय." व्यासपीठावर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, चौथ्यानं घड्याळाकडे. तेवढ्यात चहा आला म्हणून निभावलं. तेव्हा बैठकीत चहा कधी आणायचा हे आधी ठरवून ठेवा, आणि बरोबर वडे असतील तर उत्तमच.

शेवटचा सल्ला घरगुती आहे. फ्लॅट विकायचा असेल तर पत्रे ठोकायच्या आत विका. आमच्या ब्रोकरचं म्हणणं आहे की 'फॉरेस्ट व्ह्यू' असं जाहिरातीत घालता येतं, त्याला सातबारा लागत नाही. तिथे जंगल म्हटलेलं चालतं, चौरस फुटामागे वर पैसेही मिळतात. फोटो मात्र आत्ताच काढून ठेवा, जुलैमधले, सकाळी साडेसातच्या सुमाराचे. पाऊस नुकताच उघडलेला असावा. आणि कोपऱ्यात तो सर्वेक्षणवाल्यांचा लाल झेंडा येत असेल तर थोडं डावीकडे सरकून काढा.